डब्यात किती भरायचे?

दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या डब्यात काय द्यावे, याविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. किती द्यावे, याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही, आणि रोज सकाळी ओट्यापाशी हात अडखळतो तो नेमका तिथेच. कमी भरले तर लेकरू उपाशी राहील ही धास्ती, जास्त भरले तर संध्याकाळी सगळे टाकून द्यावे लागेल ही हळहळ, आणि या दोहोंच्या मध्ये कुठेतरी झाकण लावून मोकळे व्हायचे. घरी हा प्रश्न पडत नाही. घरी आपण थोडेसे वाढतो, मूल आणखी मागते, आपण आणखी वाढतो, मग मूल तोंड फिरवते आणि आपण थांबतो. प्रमाण जेवताजेवता ठरते आणि ते मूलच ठरवते. डब्याला पुन्हा वाढण्याची सोय नसते. चार-पाच तासांनी लागणाऱ्या भुकेचा अंदाज सकाळीच बांधावा लागतो, आणि तोही अशा व्यक्तीच्या भुकेचा, जिला ती अजून धड सांगता येत नाही.

माझ्या मुलीचा पाळणाघरात न्यायचा डबा मीच भरतो, त्यामुळे या विषयावर गरजेपेक्षा जास्त वाचन आणि विचार झाला आहे. त्यातून हाती आलेली मुख्य गोष्ट आधीच सांगतो. बरोबर भरलेला डबा तो, जो थोडेसे अन्न घेऊन परत येतो. रिकामा डबा पाहून आपल्याला जितके बरे वाटते, तितका तो भरवशाचा नसतो.

आधी आकड्यांचे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार १२ ते २३ महिन्यांच्या मुलाला एका जेवणात २५० मिलिलिटरच्या वाटीची पाऊण ते पूर्ण वाटी अन्न द्यावे, अशी जेवणे दिवसातून तीन-चार असावीत आणि लागेल तसे एक-दोनदा मधले खाणे द्यावे. या वयातल्या मुलाच्या पोटाची क्षमता ढोबळमानाने वजनाच्या दर किलोमागे ३० ग्रॅम धरतात. म्हणजे ११ किलोच्या मुलाच्या पोटात एका वेळी ३३० ग्रॅमच्या आसपास मावते, आणि त्यात जेवताना प्यायलेले पाणीही आले. आहारतज्ज्ञांकडून ऐकायला मिळणारा आणखी एक ठोकताळा असा, की वयाच्या दर वर्षामागे प्रत्येक पदार्थ एक मोठा चमचा द्यावा. मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटरचा. त्या हिशेबाने दोन वर्षांच्या मुलाला दोन चमचे भात, दोन चमचे भाजी, दोन चमचे डाळ किंवा तितकेच अंडे आणि दोन चमचे फळ, असे सगळे मिळून जेमतेम अर्धी वाटी होते.

हे दोन हिशेब एकमेकांशी जुळत नाहीत, हे उघड आहे. पण त्यांतला एक खरा आणि दुसरा खोटा, असे मानायचे कारण नाही. चमच्यांचा ठोकताळा पहिल्यांदा किती वाढावे ते सांगतो, आणि पूर्ण वाटी भूक कुठवर जाऊ शकते ते सांगते. घरी या दोन टोकांमधले अंतर आपण वाढत वाढत कापतो. डब्यात ते आधीच भरून ठेवावे लागते. अडचण आहे ती एवढीच, आणि पुढचा सगळा खटाटोप तिच्यासाठी आहे.

मोठ्यांच्या डोळ्यांना अर्धी वाटी फारच केविलवाणी दिसते. डब्याचा तळ दिसू लागला की हात आपोआप पुन्हा पातेल्याकडे वळतो. इथे मुलांच्या वाढीचे गणित लक्षात ठेवलेले बरे. पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्मवजनाच्या साधारण तिप्पट होते आणि उंची सुमारे २५ सेंटिमीटरने वाढते. दुसऱ्या वर्षात मात्र वजनात जेमतेम दोन-अडीच किलोंची भर पडते. वाढ मंदावली की भूकही मंदावते, आणि नऊ महिन्यांचे असताना वाटी चाटूनपुसून संपवणारे मूल दीड वर्षाचे झाल्यावर दोन घासांत उठून पळते. नेमक्या याच सुमारास पुष्कळ मुले पाळणाघरात जाऊ लागतात, त्यामुळे ‘तिथे गेल्यापासून खाणेच कमी झाले’ अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. काही वेळा ती खरीही असते. नवी जागा, नवी माणसे आणि गलका यांचा परिणाम पहिले काही आठवडे होतोच. पण बऱ्याचदा पाळणाघराच्या माथी मारलेला दोष वयाचा असतो.

ठरावीक प्रमाण शोधण्याचा माझा हट्ट खरा मोडला तो एका अभ्यासामुळे. अमेरिकेतील संशोधक लीन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दोन ते पाच वर्षांच्या १५ मुलांच्या खाण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. सहा दिवस, चोवीस तास, कोणी किती खाल्ले याचा हिशेब ठेवलेला होता. एकेका जेवणातून मुलांनी घेतलेली ऊर्जा सरासरीच्या सुमारे एक तृतीयांशाने वरखाली होत होती. दिवसभराची बेरीज केली की हाच चढउतार जेमतेम एक दशांश उरत होता. एका जेवणाला कमी खाल्लेले मूल पुढच्या जेवणाला भरून काढत होते. आता हे डब्याच्या भाषेत मांडून पाहा. एखाद्या मुलाचे दुपारचे सरासरी खाणे १५० ग्रॅम असेल, तर १०० ग्रॅम खाल्लेला दिवस आणि २०० ग्रॅम खाल्लेला दिवस, दोन्ही अगदी रोजचेच. आपण रोज मोजून १५० ग्रॅम भरले, तर पुष्कळ दिवस ते एक तर जास्त होणार, नाही तर कमी पडणार. त्यात आपल्या अंदाजाचा दोष नसतो. भूकच तशी असते.

(याहूनही जुना दाखला अमेरिकी बालरोगतज्ज्ञ क्लारा डेव्हिस यांचा आहे. १९२०-३०च्या दशकांत त्यांनी १५ लहान मुलांपुढे साधे, प्रक्रिया न केलेले निरनिराळे पदार्थ मांडून, काय आणि किती खायचे ते त्यांच्यावरच सोपवले होते. मुलांची एकेक जेवणे चमत्कारिक होती, तरी ती चांगली वाढली. मात्र समोर मांडलेल्या पदार्थांत वावगे काहीच नव्हते, आणि या प्रयोगाची खरी मेख त्या यादीतच आहे हे खुद्द डेव्हिस यांनीच सांगून ठेवले होते. ‘मुलाला कळते’ म्हणणारे हा भाग सोयीस्करपणे विसरतात.)

आता रिकाम्या डब्याकडे वळतो. समजा, डब्यात १२० ग्रॅम अन्न होते आणि डबा लख्ख रिकामा परत आला. यावरून काय कळले? फार तर एवढेच, की मुलाने १२० ग्रॅम खाल्ले. त्याला तेवढेच हवे होते की आणखी ८० ग्रॅम हवे होते, याचा पत्ता लागत नाही. उलट १५० ग्रॅम भरून ३० ग्रॅम परत आले, तर भूक कुठे संपली ते कळते, आणि ते मुलाने स्वतः ठरवले हेही कळते. म्हणून उरलेल्या अन्नाला मी नासाडी म्हणत नाही; तेवढाच काय तो मुलाकडून आलेला निरोप असतो. दोन-तीन घास उरणे हे लक्षण चांगले. सतत अर्धा डबा परत येणे म्हणजे आपण जास्त भरतो आहोत, आणि सतत रिकामा येणे म्हणजे एक-दोन चमचे वाढवून पाहायला हवेत.

काही आठवडे मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर डबा सकाळी भरल्यावर आणि संध्याकाळी परत आल्यावर ठेवत असे. याला कोणी वेड म्हटले तर माझी हरकत नाही, पण रोजच्या कटकटीपेक्षा ते बरे. एरवी एखादा दिवस वाईट गेला की मन त्या एका दिवसालाच चिकटून बसते. आकडे ओळीने लिहिलेले असले की तोच दिवस आठवड्यात विरून जातो. वजनापेक्षाही जास्त बोलते ते उरलेले अन्न. भाताचा एक कोपरा चमच्याने सरळ कापल्यासारखा गेलेला असला, तर तेवढा भात कोणीतरी भरवलेला असतो. वाटाणे एकेक करून वेचले गेलेले असले आणि सालींना चिकटलेली भाताची शिते तशीच असली, तर ते तिने स्वतःच्या बोटांनी खाल्लेले असतात. केळ्याच्या फोडीवर चार दातांची खूण आणि बाकीची फोड काळी पडलेली, याचा अर्थ केळे आवडले नाही असा नसून, तोवर पोट भरले होते किंवा झोप आली होती, असा असतो. ज्या कप्प्याला हातच लागलेला नसतो, त्याचे कारण पुष्कळदा चव नसून झाकण असते. ते उघडले गेलेलेच नसते.

डब्यातून गेलेले सगळे पोटातच गेले, असेही नाही. काही जमिनीवर सांडते, काही शेजारच्या मुलाच्या हातात जाते, काही बाहीला पुसले जाते. त्यामुळे पाळणाघरातल्या ताईंशी बोलण्याला पर्याय नाही. मात्र ‘नीट जेवली का?’ या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेच येते, कारण दहा मुलांच्या गराड्यात दिवसभर उभ्या असलेल्या बाईंना आई-बापांचा चेहरा पाडायचा नसतो. त्यापेक्षा नेमके विचारावे. स्वतः खाल्ले की भरवावे लागले, डबा किती वाजता उघडला, आणि संपल्यावर आणखी मागितले का? यातला शेवटचा प्रश्न रिकाम्या डब्याचे कोडे एका क्षणात सोडवतो.

आणि एक विनंती स्पष्ट शब्दांत करून ठेवावी, की डबा संपवण्याचा आग्रह नको. रिकामा डबा परत पाठवणे हे चांगल्या सांभाळाचे लक्षण, अशी समजूत पाळणाघरांत असते, आणि ती तिथे रुजवलेली असते आपणच. परत आलेल्या अन्नाकडे बघून कपाळाला आठ्या घालणारे आपणच असतो. बर्च यांनीच १९८०च्या दशकात दाखवून दिले होते, की ताट स्वच्छ करण्यावर भर दिलेली मुले आपल्या पोटाची खूण कमी आणि बाहेरची खूण जास्त मानू लागतात. अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी केलेली कामाची वाटणी इथे उपयोगी पडते. काय, केव्हा आणि कुठे खायचे हे मोठ्यांनी ठरवावे. किती खायचे आणि खायचे की नाही, हे मुलाने. डब्याच्या बाबतीत ‘काय’ आपल्याकडे, ‘केव्हा आणि कुठे’ पाळणाघराकडे, आणि ‘किती’ मुलाकडे. सगळ्यात धाकट्या भागीदाराचा वाटा उरलेल्या दोघांनी मिळून हडप करू नये.

मग एवढ्या चढउताराला पुरेल असे भरायचे तरी कसे? एकाच डब्यात पूर्ण वाटीभर अन्न कोंबणे हा सोपा मार्ग दिसतो, पण मला तो पटत नाही. मोठ्या ढिगाचा परिणाम खाण्यावर होतो. आहारसंशोधक बार्बरा रोल्स आणि बर्च यांच्या २०००च्या अभ्यासात वाढलेले प्रमाण मोठे केल्यावर पाच वर्षांची मुले जास्त खाऊ लागली, तीन वर्षांच्या मुलांवर मात्र त्याचा परिणाम दिसला नाही. पुढे २००३च्या अभ्यासात शाळेआधीच्या वयाच्या मुलांना मुख्य पदार्थ दुप्पट वाढला, तेव्हा त्यांनी तो सुमारे एक चतुर्थांश जास्त खाल्ला. स्वतःच्या हाताने वाढून घेऊ दिले, तेव्हा त्या दुप्पट वाढीच्या मानाने तितकेच कमी. म्हणजे अगदी लहानपणी मूल पोटाचे ऐकते आणि हळूहळू ताटाचे ऐकू लागते. हे वळण नेमक्या कोणत्या महिन्यात येते याची वाट बघण्यापेक्षा ढीग आधीपासूनच लहान ठेवावा, असे माझे मत आहे.

त्याऐवजी मी दोन डबे देतो. मुख्य डब्यात नेहमीच्या भुकेला पुरेल तेवढे, म्हणजे सरासरीपेक्षा एखादा चमचा जास्त. सोबत एक छोटी राखीव डबी, जी मुलीने आणखी मागितले तरच उघडायची. पुन्हा वाढण्याची जी सोय डब्यात नसते, ती यामुळे थोडीफार परत मिळते. राखीव डबीत जे भरायचे ते ओळखीचे, पोटभरीचे आणि जरा कंटाळवाणे असावे: उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, साधा भात, पावाचे तुकडे. तिथे गोड किंवा फार आवडीचे काही ठेवले, की मूल मुख्य डबा बाजूला सारून तिच्याकडेच बोट दाखवू लागते, आणि मग ती राखीव उरत नाही. ताईंचा गोंधळ होऊ नये म्हणून डबीच्या झाकणावर ‘मागितले तरच’ अशी चिठ्ठी चिकटवलेली असते.

नव्या पदार्थाचे प्रमाण या हिशेबात धरू नये. नव्या चवीकडे संशयाने पाहण्याचा स्वभाव दोन वर्षांच्या आसपास जोर धरतो आणि एखादा पदार्थ आपला वाटेपर्यंत तो आठ-दहा वेळा किंवा त्याहूनही जास्त वेळा समोर यावा लागतो. असा पदार्थ चमचाभरच द्यावा आणि तो परत येणार असे धरूनच द्यावा. पोट भरण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकली, की त्या दिवशी मूल उपाशी राहते आणि आपला त्या पदार्थावरचा विश्वासही उडतो.

काही मुलांचे पोट खरोखरच थोडक्यात भरते. अशा मुलांसाठी डबा मोठा करण्यापेक्षा अन्न सकस करावे. एका छोट्या चमचाभर तेलात सुमारे ४५ किलोकॅलरी असतात, जवळजवळ तीन मोठे चमचे शिजलेल्या भाताइतक्या. या वयातल्या मुलाला दिवसभरात साधारण हजार किलोकॅलरी लागतात, हे पाहिले तर चमचाभर तेलाचे वजन कळते. दोन वर्षांखालील मुलांच्या आहारातील स्निग्ध पदार्थ उगाच कमी करू नयेत, हे बालरोगतज्ज्ञ सांगतातच. पातळ सूप आणि पाणीदार फळे यांनी मात्र पोट लवकर भरते आणि भूक तासाभरात पुन्हा हजर होते.

डब्याबाहेरच्या गोष्टीही डबा बिघडवतात, आणि त्यांत पहिला मान दुधाचा. अर्ध्या लिटर दुधात तीनशेहून जास्त किलोकॅलरी असतात. सकाळी घरून निघताना एक कप आणि पाळणाघरात पोहोचल्यावर पुन्हा एक कप झाला, तर दुपारच्या डब्याला भूक उरणार कुठून? शिवाय दूध फार झाले, की लोहयुक्त पदार्थ मागे पडतात. फळांच्या रसाचेही तसेच. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१७ साली एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त सुमारे १२० मिलिलिटर अशी मर्यादा घातली, आणि माझ्या मते तेवढाही डब्यासोबत नको. मधले खाणे आणि डबा यांत दोन-अडीच तासांचे अंतर असले, की डब्याचे बरेचसे प्रश्न आपोआप मिटतात. परत येणाऱ्या डब्यांचा हिशेब बिनसला, की मी आधी अन्नाकडे न बघता घड्याळाकडे बघतो.

प्रमाण आणि सुरक्षितता यांचाही संबंध आहे. शिजलेले अन्न सामान्य तापमानात दोन तासांहून जास्त राहू नये. ते ५ अंशांखाली थंड किंवा ६० अंशांवर गरम असावे. थर्मास अर्धवट भरला तर अन्न लवकर निवते, म्हणून थोडेसेच द्यायचे असेल तर थर्मासही छोटा घ्यावा आणि भरण्यापूर्वी काही मिनिटे त्यात उकळते पाणी ठेवावे. डब्यातून परत आलेले अन्न संध्याकाळी मुलाला देऊ नये. ते जाणार हे गृहीत धरूनच भरावे. द्राक्षे उभी चिरून चार फोडी कराव्यात, गाजर मऊ शिजवावे, अख्खे दाणे आणि कठीण सुकामेवा देऊ नये. हे सुरक्षिततेसाठी आहेच, पण योग्य आकाराच्या फोडी मूल स्वतः खाऊ शकते आणि मग डब्यातले प्रमाण खरोखर त्याच्या हातात राहते.

आजारपणात हे सगळे गणित कोसळते. ताप किंवा सर्दी असताना डबा जवळजवळ तसाच परत येतो. त्या दिवसांत मी मुख्य डबा निम्म्यावर आणतो आणि पाणी व्यवस्थित पिते ना, एवढेच बघतो. बरे झाल्यावर काही दिवस राखीव डबीही रिकामी येते. ती तशी येऊ लागली, की मुख्य डब्यात एक चमचा वाढवायचा; पुन्हा उरू लागले, की तो काढून घ्यायचा. वजन आणि उंची वाढीच्या तक्त्यावर आपल्या रेषेने सरकत असतील, मूल खेळते-हसते असेल, तर आठवड्यातले दोन भरलेले डबे परत येणे ही डॉक्टरांकडे जाण्याची गोष्ट नाही. वजन खरोखर थांबले किंवा उतरू लागले, घास गिळताना त्रास होऊ लागला, किंवा आधी खाल्ले जाणारे पदार्थ एकामागून एक बंद होत गेले, तर मात्र डब्याशी खेळत बसू नये. वजनाच्या नोंदी घेऊन बालरोगतज्ज्ञांना गाठावे, आणि सोबत आठवडाभर डब्यात काय भरले व काय परत आले याचा कागद न्यावा.